सांगली-साताऱ्यात समुद्रफूल जगवायचं तर

समुद्रफूल म्हणजे सी ॲनिमोन, फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी. तो आणायच्या आधी खाऱ्या पाण्याचा टँक निदान सहा महिने चाललेला हवा. सगळ्यांना माहीत असलेला आणि सगळ्यात जास्त मोडला जाणारा नियम हाच. टँक लावल्यावर पाच-सहा आठवड्यांत अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येतात, समुद्रफुलात राहणाऱ्या क्लाऊनफिश माशांची जोडी फिरायला लागते आणि घरातली पोरं विचारतात, "यांचं फूल कुठंय?" तिथंच हात आवरायचा. अशा कोवळ्या टँकात मासा तग धरतो, समुद्रफूल धरत नाही. त्याला खवले नाहीत, जाड कातडी नाही. पाण्यातलं मीठ वरखाली झालं की ते थेट पेशींना भोगावं लागतं. काचेवर दर पंधरवड्याला नव्या रंगाचं शेवाळ येत असेल तर पाणी अजून बसलेलं नाही असं समजा आणि थांबा.

पहिलं फूल बबल टिप जातीचंच घ्या. शास्त्रीय नाव एन्टाक्मिया क्वाड्रिकलर. सगळ्यांत सोशिक तेच, शिवाय स्थिरावलं की आपोआप दोनाची चार होतात. टँकात ते ३० सेंटिमीटरपर्यंत पसरतं, त्यामुळे ३ × १.५ × १.५ फुटांपेक्षा लहान टँकात घालू नये. दगड-वाळू धरून एवढ्या टँकात साधारण १६० लिटर पाणी राहतं. पुढचे सगळे हिशेब याच मापाचे आहेत. कार्पेट आणि मॅग्निफिका या दुसऱ्या जाती दिसायला राजेशाही, पण प्रवासात खचतात आणि पहिल्याच महिन्यात दगा देतात. पिवळंधमक किंवा भडक निळं फूल दिसलं तर ते बहुधा रंगवलेलं असतं. पांढरंशुभ्र म्हणजे अंगात राहून अन्न पुरवणारं शैवाल गमावलेलं, अर्धपोटी फूल. स्वस्त मिळालं तरी नको.

दगड घेताना एक सांभाळा. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून संरक्षण आहे, आणि 'लाइव्ह रॉक' (जिवाणू बसलेले समुद्री दगड) म्हणून खपवले जाणारे बरेच तुकडे प्रवाळाचेच असतात. सिरॅमिकचे किंवा सिमेंटपासून बनवलेले रीफ-रॉक वापरा. सहा महिन्यांत त्यांच्यावरही जिवाणू छान बसतात.

पाणी

आंबा घाट उतरला की रत्नागिरी, म्हणून समुद्राचं पाणी कॅन भरून आणायची कल्पना सगळ्यांना एकदा सुचते. खाडीच्या तोंडापासून लांब, कातळावरून, पावसाळा सोडून पाणी घेतलं तर ते चालतंही. पण दर आठवड्याला १५ लिटर पाणी बदलायचं, त्यासाठी घाट कोण उतरणार? आणि जून ते सप्टेंबर नद्यांचं गोडं पाणी किनाऱ्याला मिसळत असतं, तेव्हा त्या पाण्याचा भरवसा नाही. त्यापेक्षा सिंथेटिक मीठ बरं. प्रमाण ब्रँडप्रमाणे थोडं बदलतं, पण १५ लिटरला साधारण ५५० ग्रॅम लागतं. आधी पाणी, मग मीठ. उलटं केलं तर कॅल्शियम तळाशी चुन्यासारखं बसतं आणि पुन्हा विरघळत नाही. पंप लावून रात्रभर फिरू द्या आणि मगच मापा.

खरी गोम मिठात नाही, ज्या पाण्यात ते घालतो त्यात आहे. घरच्या प्यायच्या आरओला चव यावी म्हणून टीडीएस ॲडजस्टर नावाचा एक छोटा स्क्रू असतो. तो न गाळलेलं थोडं पाणी परत मिसळतो. पाणी प्यायला गोड लागतं, पण टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणारा मीटर ५०-८० दाखवतो, आणि आपल्याला हवा शून्य. तो स्क्रू पूर्ण बंद करा किंवा मेम्ब्रेनमधून (आरओच्या गाळणीतून) येणारी नळी थेट काढून घ्या आणि ते पाणी उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनच्या नळकांड्यातून पुढे सोडा. चांगलं मेम्ब्रेन ९५ टक्क्यांच्या आसपास क्षार अडवतं. नळाचा टीडीएस ३०० असेल तर रेझिनकडे १५ जातो, पण बोअरचं पाणी १२०० असेल तर ६०. म्हणजे जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे बोअरवर टँक चालवणाऱ्यानं रेझिन चौपट वेगानं संपणार हे धरूनच चालावं. शक्य असेल तर गच्चीवरचं पहिले दोन-तीन पाऊस सोडून धरलेलं पावसाचं पाणी आरओला जोडा, रेझिनचा खर्च निम्म्याहून खाली येतो.

मग तांबं. माश्यांना चालणारं तांब्याचं प्रमाण समुद्रफुलाला मारून टाकतं. आपल्या घरांत तांबं कुठं कुठं असतं ते मोजा: पिण्याचा हंडा, जुना बंब, पितळी तोटी, पितळी कॉक. टँकसाठीचं पाणी यांपैकी कशातूनही येता कामा नये. तासगाव, मिरज, पलूस भागात द्राक्षबाग असेल तर आणखी एक धोका घरातच उभा असतो. बोर्डो मिश्रणासाठी भिजवलेलं मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेटच. ते मिश्रण एकदा ज्या ड्रममध्ये कालवलं, तो दहादा धुतला तरी टँकसाठी वापरायचा नाही. फवारणी करून आलेल्या हातांनी टँकात हात घालायचा नाही. टँकचं सामान वेगळ्या रंगाच्या बादल्यांत ठेवा आणि घरातल्या प्रत्येकाला बजावून ठेवा. डास मारायचा स्प्रेही त्या खोलीत नको.

क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२६. काचेचा तरंगता हायड्रोमीटर नको, पाण्याच्या थेंबातून प्रकाश किती वळतो यावरून क्षारता दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो आरओच्या पाण्यावर शून्याला लावून निर्धास्त होऊ नका. शून्यावर बरोबर असलेलं यंत्र ३५ वर चुकू शकतं. ९६३.५ ग्रॅम डीआय पाण्यात ३६.५ ग्रॅम साधं घरातलं मीठ विरघळवा. हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरवर बरोबर ३५ दाखवायला हवं, नसेल तर स्क्रू फिरवून ३५ वर आणा. बाटलीचं बूच घट्ट असेल तर द्रावण महिनोन्‌महिने चालतं.

बाकीचे आकडे: तापमान २५-२६ अंश, पीएच ८.१ ते ८.४, अल्कलिनिटी (पाण्याची पीएच सांभाळायची ताकद) ८-९ डीकेएच, आणि लिटरला मिलिग्रॅममध्ये कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५०, नायट्रेट ५ ते १५, फॉस्फेट ०.०३ ते ०.१. नायट्रेट शून्यावर आणायचा अट्टहास करू नका, अगदी निःसत्त्व पाण्यात फूल उपाशी राहतं. आणि अल्कलिनिटी ७.५ वर स्थिर असलेला टँक, आज ९ उद्या ७ करणाऱ्या टँकपेक्षा केव्हाही चांगला.

ऊन, थंडी आणि वीज

एप्रिल-मे मध्ये सांगलीत पारा चाळिशीला टेकतो. खोली ३६ अंशांवर असेल तर पंप आणि दिव्यांची ऊब धरून पाणी ३० च्या वर जातं. २८ च्या वर फूल आक्रसायला लागतं, ३० च्या वर सलग काही दिवस राहिलं तर शैवाल सोडून देतं. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरके लावलेले दोन लहान फॅन पाणी २-३ अंशांनी उतरवतात. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत हे उत्तम चालतं. मात्र त्याच खोलीत वाळ्याचा कूलर लावला की हवा दमट होते आणि टँकच्या फॅनचं काम निम्म्यावर येतं. कूलर बाहेरच्या खोलीत, टँक आतल्या. एवढं करूनही पाणी २८ खाली येत नसेल तर चिलरला (पाणी गार करणाऱ्या यंत्राला) पर्याय नाही, आणि चिलरचं बजेट नसेल तर ॲनिमोनचंही नाही असं स्पष्ट म्हणायला हवं. बर्फाच्या बाटल्या टाकणं म्हणजे दुपारी चार अंशांनी खाली आणि संध्याकाळी पुन्हा वर. हा हेलकावा उन्हापेक्षा वाईट.

फॅन लावला की पाणी उडतं. उन्हाळ्यात दिवसाला ३-४ लिटर. पाणी जातं, मीठ मागे राहतं. लग्नसराईत पाच दिवस गावाला गेलात आणि रोज ४ लिटर उडालं, तर १६० लिटरचं १४० झालं आणि क्षारता ३५ वरून थेट ४० वर. परत आल्यावर फूल मुठीएवढं आवळलेलं दिसतं, आणि घाईनं २० लिटर गोडं पाणी एकदम ओतलं की दुसरा धक्का. म्हणून फ्लोट असलेला ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय, ही चैन नाही. भर नेहमी गोड्या डीआय पाण्याची, खाऱ्याची नाही. पातळी फार खाली गेलीच तर दोन दिवसांत हळूहळू भरा.

साताऱ्यात, आणि वाई-पाचगणीकडे तर अधिकच, डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा असतो. लिटरला एक वॉट या हिशेबानं हीटर हवा, तोही एका १५० वॉटच्या ऐवजी ७५ चे दोन. एक अडकून चालूच राहिला तरी टँक उकळत नाही. हीटरला जाळीचं कव्हर लावाच. ऊब शोधत फूल त्याला चिकटतं आणि पाय भाजून घेतं.

वीज गेल्यावर पहिला प्रश्न प्राणवायूचा. पाणी हलवत ठेवणारे दोन पंप (वेव्हमेकर) मिळून १६ वॉट घेतात, इन्व्हर्टर स्वतः १५-२० खातो. १५० अँपिअर-अवरची चांगली बॅटरी एवढ्यावर दीड दिवस काढते. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा, स्क्वेअर वेव्हवर साधे पंप घुमतात आणि तापतात. दिवे आणि हीटर इन्व्हर्टरवर घेऊ नका. कृष्णाकाठी मात्र दीड दिवस पुरत नाही, हे २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनी दाखवलं. तळमजल्यावर टँक असेल आणि आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे चाललं असेल, तर फूल ज्या दगडावर बसलंय तो दगडच उचलून टँकच्या पाण्यानं भरलेल्या ५० लिटरच्या स्वच्छ पिंपात घाला आणि पिंप वरच्या मजल्यावर न्या. सोबत सेलवर चालणारा एअर पंप, सेलचा एक जादा संच आणि आधी कालवून ठेवलेलं ४० लिटर खारं पाणी. खायला काही घालू नका, दर दोन दिवसांनी अर्धं पाणी बदला.

जागा तुम्ही तयार करा, निवडू द्या त्याला

बबल टिपला पाय (दगडाला चिकटणारा बुडखा) अंधारात आणि मिशा (वरचे लवचीक तंतू) उजेडात लागतात. म्हणून दगडात ५ ते ७ सेंटिमीटर खोल, बोट सहज जाईल अशी कपार हवी. ही कपार एका सुट्या दगडात ठेवून त्याच्याभोवती वीतभर मोकळी वाळू राखली तर फूल सहसा तो दगड सोडून जात नाही. पुढे हलवायची वेळ आली तर दगडासकट उचलता येतं.

दिवा फुलापाशी १५० ते २५० पार (शैवालाला उपयोगी पडणाऱ्या उजेडाचं माप) देणारा हवा, रोज ८-९ तास. गोड्या पाण्यातल्या वनस्पतींचे एलईडी इथं पुरे पडत नाहीत. पार मीटर महाग आहे. दुकानदाराकडून किंवा पुण्या-कोल्हापूरच्या एखाद्या हौशी माणसाकडून दिवसभरासाठी मागून आणा, एकदा मोजलं की पुरतं. मीटर नसेल तर फुलाकडे बघा. देठ लांबवून वर ताणतंय, तर उजेड कमी. दुपारभर कपारीत दडतंय, तर जास्त. नवीन फुलासाठी दिवा ४० टक्क्यांवर ठेवून दर चार-पाच दिवसांनी ५ टक्के वाढवा.

प्रवाह एकूण तासाला ३००० लिटरच्या आसपास, पण थेट अंगावर नको. मिशा वाऱ्यावर हलणाऱ्या जोंधळ्यासारख्या डुलाव्यात, एका बाजूला झोपू नयेत. आणि फूल येण्याच्या *आदल्या* दिवशी प्रत्येक पंपाच्या तोंडाला जाड स्पंज बांधा. समुद्रफूल फिरतं आणि बहुतेक रात्री फिरतं. उघड्या पंपात गेलेलं फूल सकाळी टँकभर चिंध्या होऊन तरंगताना दिसतं, आणि त्या चिंध्यांच्या अमोनियानं मासेही जातात. स्पंज आठवड्याला धुवा, नाहीतर प्रवाहच थांबतो.

आणताना आणि सोडताना

दुकानात तीन गोष्टी पाहा. तोंड मिटलेलं हवं, आतले पडदे बाहेर आलेले नकोत. मिशी बोटाला चिकटायला हवी. आणि पाय अखंड हवा. पाय फाटलेलं फूल वरून कितीही टवटवीत दिसलं तरी घेऊ नका. शेवटची पाहणी सगळ्यांत महत्त्वाची, कारण दुकानात फूल काचेवरून ओरबाडून काढलं जातं. समोर काढायला सांगा, पण पद्धत तुमची: पायाच्या कडेला नखानं किंवा जुन्या एटीएम कार्डानं हळूच थोडीशी कड सुटी करायची, मग तिथं पाण्याचा बारीक झोत मारत राहायचं. पाच-दहा मिनिटांत पाय कागदासारखा गुंडाळत सुटत येतो. दगडावर असेल तर दगडाच्या मागच्या बाजूला बर्फाचा खडा धरायचा, गारव्यानं ते स्वतःच सरकतं. दुकानदाराला एवढा वेळ नसेल तर दगडासकट घ्या.

मुंबई-पुण्याहून रात्रीच्या गाडीनं पार्सल आलं तर पिशवी १२-१४ तास बंद असते. आत अमोनिया साठलेला असतो, पण कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असल्यानं तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून तासन्‌तास थेंब-थेंब पाणी सोडत बसू नका. बंद पिशवी २० मिनिटं टँकात तरंगवा, उघडल्याबरोबर क्षारता मोजा. फरक २ पीपीटीच्या आत असेल तर फूल हातानं उचलून थेट टँकात घाला. फरक जास्त असेल, आणि असतोच, कारण पुष्कळ दुकानं मीठ वाचवायला १.०२१-१.०२२ वर टँक चालवतात, तर ४५ ते ६० मिनिटंच टँकचं पाणी थेंब-थेंब पिशवीत सोडा. पिशवीतलं पाणी टँकात ओतू नका. हातात ग्लोव्ह्ज घाला, आणि नंतर डोळे चोळू नका.

दिवे बंद, पंप अर्धा तास बंद, पाय कपारीच्या तोंडाशी. चिकटलं की पंप सुरू. चिकटत नसेल तर नवी जाळीदार प्लास्टिक टोपली दोन दिवस उपडी घाला. पहिले आठ-दहा दिवस ते फिरेल, फुगेल, चुरगळेल, तोंडातून तपकिरी दोरे टाकेल. हे सगळं चालायचं. दिवसातून एकदा आक्रसून जुनं पाणी बाहेर टाकणं हा त्याचा नित्यक्रम आहे. या काळात खायला घालू नका आणि जागा बदलू नका. रोज उचलून 'चांगल्या' जागी ठेवणाऱ्यांची फुलं सगळ्यांत आधी मरतात.

मिशा आठवडाभर लुळ्या, तोंड सैल आणि फूल दिवसात अनेकदा फुगून-आक्रसून दमत असेल, तर जिवाणूंचा संसर्ग असण्याची शक्यता आहे. अशा वेळी वेगळ्या टँकात ४० लिटरला २५० मिलिग्रॅम सिप्रोफ्लॉक्सासिन, रोज पूर्ण पाणी बदलून पुन्हा तोच डोस, आठवडाभर, असा उपचार हौशी मंडळींत रूढ आहे. हे औषध उजेडात विघटित होतं, म्हणून ते रात्री घालतात. मुख्य टँकात कधीच नाही, आणि पशुवैद्याला विचारल्याशिवाय नाही.

खाणं

बसलं, मिशा चिकट झाल्या की आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. कच्ची कोळंबी, माकुळ किंवा तिसऱ्यांचं मांस, ज्वारीच्या दोन-तीन दाण्यांएवढा तुकडा. बांगडा-तारली तेलकट, पाण्यावर तवंग आणतात. नदीचे मासे नकोत. कोळंबी बाजारातून आल्या आल्या टँकचा वाटा वेगळा काढा. एकदा स्वयंपाकघरात हळद-मीठ लागलं की ती टँकच्या कामाची नाही. डीआय पाण्यात धुऊन, तुकडे करून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा.

मोठा तुकडा देण्याचा मोह फार होतो, कारण फूल तो गिळतंही. मग दुसऱ्या दिवशी अर्धवट पचलेला गोळा ओकतं आणि तो पाण्यात कुजतो. तुकडा मिशांवर चिमट्यानं ठेवा, पंप दहा मिनिटं बंद, आणि कोलंबीचोर चिंगळ्या-खेकडे तेवढा वेळ दुसऱ्या कोपऱ्यात तुकडा टाकून गुंतवा. पांढरं पडलेलं फूल असेल तर उलट करायचं: अगदी बारीक कीस, एक दिवसाआड, आणि दिवा मंद. रंग परतायला काही महिने लागतात.

क्लाऊनफिश फुलाला लागतोच असं नाही. ऑसेलॅरिस, म्हणजे दुकानातला 'निमो', समुद्रात बबल टिपमध्ये राहत नाही. टँकात बऱ्याचदा स्वीकारतो, कधी वर्षभर ढुंकून बघत नाही. मॅरून क्लाऊन किंवा टोमॅटो क्लाऊन या जाती लगेच घुसतात, पण वाटीएवढ्या फुलाला अंग घासून हैराण करतात. फूल ताटलीएवढं होईपर्यंत मोठा क्लाऊन नको. माशाला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला तर मासा बाहेर काढून औषध द्या. तांब्याचं औषध या टँकात पडलं तर फूल गेलं.

दगडावर मध्येच तपकिरी, पारदर्शक, बोटाच्या पेराएवढी फुलं उगवली तर आनंदून जाऊ नका, ती एप्टेशिया, म्हणजे तणासारखं पसरणारं उपद्रवी ॲनिमोन. कोरडा खाद्य चुना पाण्यात दाट कालवून सिरिंजनं थेट तिच्या तोंडात भरा, पंप २० मिनिटं बंद. एका वेळी दोन-तीनच, नाहीतर पीएच चढतो. कात्रीनं कापलीत तर प्रत्येक तुकड्याची नवी होते.

बबल टिपच्या टोकांचे फुगे जाऊन मिशा साध्या लांबट झाल्या म्हणून घाबरू नका, तेवढ्यानं ते आजारी ठरत नाही. घाबरायचं ते वासाला. तोंड वासलेलं, अंग लिबलिबीत, हात लावला तर तुकडा हातात येतोय आणि सडक्या अंड्यासारखा वास येतोय, तर ते मेलंय. 'उद्या बघू' म्हणू नका. वाडगा पाण्यात बुडवून सगळं गोळा करा, लगेच ३० टक्के पाणी बदला, पाणी गाळणारा ताजा कार्बन घाला, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) वाढवा आणि दुसऱ्या दिवशी अमोनिया मोजा.

सगळं नीट चाललं तर एखाद्या सकाळी एकाच्या जागी दोन दिसतील, दोघांच्या अंगाला एका बाजूनं फाटल्यासारखी जखम. आठवडाभर दोघांनाही खायला घालू नका, जखम आपली भरते. नवं पिल्लू महिनाभर थांबून, दगडाच्या तुकड्यासकट कुणाला द्यायचं असेल, तर आधी तीन दिवस उपाशी ठेवा. पिशवी दुहेरी, एक तृतीयांश पाणी, दोन तृतीयांश हवा, थर्माकोलच्या पेटीत. कराडपर्यंतच जायचं असलं तरी मे महिन्यात पहाटे निघा.